घडी केलेल्या चादरीमागचा चित्रकार

करिअर

मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे, पण त्यावर पोट भरेल का, हा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो. चादरी, पडदे, टॉवेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागात या प्रश्नाचे एक उत्तर आहे. मात्र ते स्वीकारण्यापूर्वी हे काम नेमके काय असते, हे समजून घ्यायला हवे.

घरात लग्न ठरले किंवा दसरा-दिवाळी जवळ आली की चादरी, अभ्रे, पडदे यांची खरेदी ओघानेच येते. दुकानदार फळीवरून एकेक पाकीट काढून समोर टाकत जातो. कापड पिशवीत घडी घालून ठेवलेले असते. ते धड हाताला लागत नाही, पूर्ण उलगडलेलेही दिसत नाही. तरीही आपण ‘हे नको, ते निळे दाखवा’ असे म्हणत निवड करत असतो. ही निवड कशाच्या भरवशावर होते? आतल्या पुठ्ठ्यावर छापलेल्या छायाचित्राच्या, त्यावरच्या अक्षरांच्या आणि मापाच्या आकड्यांच्या. मोबाइलवरून खरेदी करताना तर हाती फक्त चित्रच असते.

हा पुठ्ठा, हे चित्र, ही अक्षररचना करणारी व्यक्ती त्या कंपनीचीच पगारी नोकर असते. तिला म्हणतात ‘इन-हाउस ग्राफिक डिझायनर’. तिचे नाव पाकिटावर कुठेही नसते. पण गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते तिच्या कामावर.

दोन डिझायनर, दोन कामे

पुष्कळ लोकांचा येथे गोंधळ होतो. चादरीवरची वेलबुट्टी, पडद्यावरचे पट्टे, सोफ्याच्या कापडाची वीण ठरवतो तो टेक्स्टाइल डिझायनर. त्याला सूत, वीण, छपाई यांचे शिक्षण लागते. ग्राफिक डिझायनरचे काम कापड तयार झाल्यानंतर, किंवा होत असताना, सुरू होते. पाकिटाचा पुठ्ठा, शिवलेले लेबल, किमतीची चिठ्ठी, वितरकांसाठी कॅटलॉग, दुकानातले फलक, वर्तमानपत्रातील जाहिरात, संकेतस्थळावरची चित्रे, प्रदर्शनातला कंपनीचा कक्ष हे सारे त्याच्याकडे येते. लहान कंपनीत मात्र ही भिंत पातळ असते. छापाची नक्षी सारखी करणे, तिच्या रंगांच्या तीन-चार जोड्या बनवणे ही कामेही त्याच टेबलावर येऊन पडतात.

जाहिरात संस्थेतील नोकरी आणि ही नोकरी यांतही फरक आहे. जाहिरात संस्थेत आज साबण, उद्या बँक, परवा सिमेंट. विविधता भरपूर, पण एकाही मालाशी फार दिवसांचे नाते नाही. कंपनीच्या स्वतःच्या विभागात वर्षानुवर्षे चादर, टॉवेल आणि पडदेच समोर असतात. काहींना याचा कंटाळा येतो. ज्यांना येत नाही, त्यांची नजर त्या मालात इतकी मुरते, की कापडाच्या नुसत्या छायाचित्रावरून ते सॅटिनचे आहे की साध्या विणीचे, हे त्यांना सांगता येते.

हा व्यवसाय आपल्याकडे जुना आहे. बॉम्बे डाइंगची स्थापना १८७९ सालची. फॅबइंडियाने १९६० मध्ये सुरुवात केली तीच मुळी घरसजावटीच्या कापडाच्या निर्यातीपासून. आज पानिपत, करूर, जयपूरजवळचे सांगानेर, आपले सोलापूर अशी या धंद्याची ठाणी देशभर पसरलेली आहेत. मुख्य कचेऱ्या बहुधा मोठ्या शहरांत, तर कारखाने अशा गावांत. म्हणूनच दिल्लीत, बंगळुरूत किंवा इंदुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलांनाही ही वाट परकी नाही. फक्त कारखान्याच्या गावी जाऊन राहण्याची तयारी हवी.

दिवाळी येते उन्हाळ्यात

या विभागाचे वर्ष आपल्या पंचांगाप्रमाणे चालत नाही. दिवाळीचा माल गणपतीच्या सुमारास दुकानांत पोहोचायचा, तर त्याची पाकिटे त्याआधी छापून हवीत आणि छायाचित्रे त्याच्याही आधी. साहजिकच बाहेर ऊन रणरणत असताना स्टुडिओत पणत्या आणि झेंडूच्या माळा मांडल्या जातात. निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे लक्ष जानेवारीकडे असते, कारण जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे ‘हाइमटेक्स्टिल’ हे घरगुती कापडाचे जगप्रसिद्ध प्रदर्शन त्या महिन्यात भरते. त्याआधीचे काही आठवडे घरी वेळेवर जेवायला येण्याचे वचन डिझायनरने देऊ नये, हेच बरे!

बाकीचे दिवस मात्र झगमगाटाचे नसतात. एकाच चादरीचे सहा रंग, प्रत्येकाची तीन मापे, म्हणजे अठरा पुठ्ठे. चित्र तेच, पण मापाचा आकडा, रंगाचे नाव, किंमत आणि बारकोड प्रत्येकावर वेगळा. या अठरा पुठ्ठ्यांत एक आकडा चुकला, तर हजारो पाकिटांवर चिकटपट्टी लावण्याची पाळी येते. ज्याला नीटनेटकेपणाचा कंटाळा आहे, त्याने कितीही सुंदर चित्रे काढली तरी या खुर्चीत त्याचा निभाव लागणे अवघड.

साडी उन्हात नेणारी आजी

जुन्या बायका साडी घेताना ती दुकानाच्या दारापाशी, उन्हात नेऊन बघत. दुकानदार मनातल्या मनात चरफडत असे, पण आजीबाईंचे बरोबर होते. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन रंग सूर्यप्रकाशात वेगळे दिसू शकतात. निरनिराळे रंग घालून साधलेल्या छटा एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फटकून वागतात. म्हणूनच कापडाच्या व्यवसायात ‘लाइट बॉक्स’ नावाची पेटी वापरतात. तिच्यात दिवसाचा उजेड, दुकानातला उजेड, घरातल्या पिवळ्या दिव्याचा उजेड असे प्रकार कळ दाबून बदलता येतात. चादर, तिच्या जोडीचा अभ्रा आणि पुठ्ठ्यावरचे चित्र तिन्ही उजेडांत तपासले जाते.

ग्राफिक डिझायनरपुढचे संकट याहून मोठे असते. संगणकाचा पडदा रंग दाखवतो तो लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून. छापखान्यात तोच रंग आकाशी, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या ठिपक्यांतून उमटवावा लागतो. झगझगीत राणी रंग, पोपटी, नारिंगी हे पडद्यावर जितके खुलतात, तितके या चार शायांत उतरत नाहीत. मग कधी त्या रंगाची वेगळी शाई पाचवी म्हणून घालावी लागते, कधी छायाचित्रातला रंग कापडाचा तुकडा शेजारी ठेवून हळूहळू सुधारावा लागतो. आणि एवढे करूनही गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा कसा आहे, हे आपल्या हाती नसते.

येथेच या व्यवसायातील कसोटीचा प्रश्न उभा राहतो. चित्र सुंदर करायचे की खरे?

चार इंचांची जबाबदारी

पाकिटाच्या मागच्या बाजूचा तो बारीक मजकूर आपण क्वचितच वाचतो. डिझायनरसाठी मात्र तोच सर्वांत जोखमीचा भाग. आवेष्टित मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सर्व पाकिटावर असावे लागते. चादरीसारख्या वस्तूचे तयार मापही द्यावे लागते. अक्षरे किती उंचीची असावीत, हेदेखील नियमात आहे. मजकूर मावत नाही म्हणून अक्षर बारीक करण्याची मुभा कोणालाही नाही.

मापाचेच पाहा. डबल बेडची चादर बाजारात सामान्यतः ९० बाय १०० इंचांची मिळते, म्हणजे सुमारे २२९ बाय २५४ सेंटिमीटर. किंग साइज म्हणून १०८ बाय १०८ इंचांची विकतात. हल्लीच्या जाड गाद्यांवर ९० इंची चादर घातली तर ती दोन्ही बाजूंनी खोचायला पुरतेच असे नाही. पाकिटावरच्या चित्रात मात्र ती पलंगाखाली ऐसपैस लोळताना दिसते! चित्रातली गादी पातळ घेतली की हा चमत्कार घडतो. गृहिणी घरी येऊन चादर पसरते, तेव्हा फसगत कळते.

धुण्याच्या खुणांचेही तसेच. पाण्याने भरलेली बादली म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्री म्हणजे इस्त्रीच आणि नुसते वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. खुणेवर फुली असेल तर ते करू नये. बादलीतला आकडा पाण्याचे जास्तीत जास्त तापमान सांगतो. तेथे ४० ऐवजी ६० छापले गेले, तर गडद रंगाची चादर शेजारच्या पांढऱ्या कपड्यांना आपली आठवण देऊन जाईल आणि कापड आटेल ते वेगळेच.

बारकोडची गंमत अनेकांना ठाऊक नसते. दुकानातील यंत्र बहुधा लाल प्रकाशाने पट्ट्या वाचते. रंगसंगती जुळावी म्हणून कोणी हौसेने लाल पट्ट्या छापल्या, तर यंत्राला तेथे काहीच दिसत नाही. पट्ट्या काळ्या किंवा गडद निळ्या आणि पार्श्वभूमी फिकी, हा साधा नियम. आकड्यांच्या सुरुवातीला ८९० असेल तर तो क्रमांक भारतात नोंदवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. माल भारतातच बनला, असे त्यावरून म्हणता येत नाही.

‘जरा चांगले दिसू दे’

विक्री विभागाचा माणूस येतो आणि म्हणतो, ‘रंग थोडा उजळ कर. आणि वर मोठ्या अक्षरांत हातमाग लिही.’ माल यंत्रमागावरचा असतो. नव्याने लागलेल्या, प्रोबेशनवर असलेल्या मुलीने अशा वेळी काय करावे?

हा प्रश्न नीतिकथेतला नाही, रोजचा आहे. हातमागाच्या अस्सल मालासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. २०१५ साली ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ आला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, सांगानेरी आणि बगरू येथील हातठशांच्या छपाईलाही आहे. म्हणजे यंत्रावर छापलेल्या कापडावर ‘सांगानेरी’ हा शब्द सजावट म्हणून टाकता येत नाही. तो शब्द लाकडी ठसा हाताने उमटवणाऱ्या कारागिरांच्या पोटाचा आहे. सुताच्या संख्येतही असेच घडते. दोन धाग्यांना पीळ देऊन केलेले एक सूत दोनदा मोजले की आकडा दुप्पट होतो, कापड मात्र आहे तेवढेच तलम राहते.

कायदा या बाबतीत गप्प नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल दंडाची तरतूद करतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार वस्तूची जाहिरात तिच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळणारी असली पाहिजे, आणि दाखवले त्याहून वेगळा माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून नव्या डिझायनरने वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा एक सरळ उपाय करावा. ‘हातमाग, सुताची संख्या आणि माप यांचा कागद उत्पादन विभागाकडून सहीसह मिळावा, म्हणजे छपाईला पाठवते,’ असे लिहून कळवावे. त्यात उद्धटपणा नाही. बहुतेक वेळा तो कागद येतच नाही आणि शब्दही आपोआप गळतो. आणि शहाण्या मालकालाही हे परवडते. परत आलेल्या चादरीची ने-आण, पुन्हा घडी, नवे पाकीट आणि दुखावलेले गिऱ्हाईक यांचा हिशेब केला, तर खरे चित्रच स्वस्त पडते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने एका मिनिटात आलिशान शयनगृहाचे चित्र तयार होते. या कामात संगणकाची मदत नवी नाही. स्वीडनच्या आयकिया कंपनीच्या कॅटलॉगात २००६ सालीच एक खुर्ची छायाचित्राऐवजी संगणकावर रेखाटून छापली गेली होती. मात्र त्या चित्रामागे खुर्चीची खरी मापे होती. आजचे यंत्र मागितल्याबरोबर चित्र देते, पण नक्षीतले फूल वीतभर आहे की बोटभर, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पार्श्वभूमी कापणे, मापे बदलणे यांसारखी हमाली यंत्र करू लागले आहे आणि केवळ त्यावर विसंबणाऱ्यांच्या नोकऱ्यांना धोका आहे, हे मान्य करायला हवे. परंतु हातात कापडाचा तुकडा धरून ‘हे चित्र या चादरीचे नाही’ असे म्हणणारा माणूस लागणारच.

नक्षी कोणाची?

आणखी एक गोष्ट नोकरी पत्करण्यापूर्वी जाणून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. नोकरी सोडली म्हणून चित्रे बरोबर नेऊन दुसऱ्या कंपनीला देता येत नाहीत. मात्र ‘हे मी केले आहे’ असे म्हणण्याचा कलावंताचा हक्क हाच कायदा शाबूत ठेवतो. म्हणून नेमणुकीच्या वेळीच, बाजारात आलेले काम आपल्या नमुनासंग्रहात दाखवण्याची परवानगी लेखी मागून घ्यावी.

मालावर छापायच्या नक्षीची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. तिचे संरक्षण १० वर्षे, वाढवून मिळाल्यास आणखी ५ वर्षे. पण नोंदणीपूर्वी नक्षी जगजाहीर झालेली नसावी लागते. उत्साहाच्या भरात नवे काम आधीच समाजमाध्यमावर टाकणारा कर्मचारी कंपनीचे केवढे नुकसान करतो, याची कल्पना त्यावरून यावी.

नाव मिळण्याची उदाहरणे जगात नाहीत असे नाही. फिनलंडच्या मारिमेको कंपनीच्या कापडाच्या काठावर नक्षीकाराचे नाव छापलेले असते. माइया इसोला हिने १९६४ साली काढलेले ‘उनिक्को’ हे मोठ्या फुलांचे कापड आजही तिच्या नावासह विकले जाते. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. ज्याला नावाची फार ओढ आहे, त्याने हे आधीच मनाशी ठरवून घ्यावे.

तयारी कशी करावी?

महाराष्ट्रात शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देता येतात. त्या जरूर द्याव्यात. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी हा नेहमीचा मार्ग. मुंबईचे जे. जे. हे त्यातले सर्वांत परिचित नाव. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही हा विषय आहे. अहमदाबादची एनआयडी १९६१ सालची, निफ्ट १९८६ ची. मुंबई आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून आहे आणि तेथील डिझाइनच्या पदवीला ‘यूसीड’ या परीक्षेतून प्रवेश मिळतो. खासगी संस्था गल्लोगल्ली आहेत. भरमसाट फी भरण्यापूर्वी तेथे शिकून बाहेर पडलेल्या दोन-चार मुलांना भेटावे.

पदवीइतकेच महत्त्व नमुनासंग्रहाला आहे. त्यात पन्नास चित्रे ठेवण्यापेक्षा एका चादरीचे संपूर्ण काम ठेवावे. पुठ्ठा, मागचा मजकूर, लेबल, छायाचित्र, दुकानातला फलक, सारे काही. देवनागरी अक्षरांवर हात बसलेला असेल तर तो वेगळा गुण ठरतो. इंग्रजी अक्षररचना येणारे पुष्कळ भेटतात, पण मराठी-हिंदीच्या मात्रा-वेलांट्या नीट बसवणारे थोडे. फाँट वापरताना परवाना तपासावा. कुणाकडून तरी उतरवून घेतलेला फाँट कंपनीच्या पाकिटावर गेला, तर कायदेशीर नोटीस येऊ शकते.

शक्य असल्यास सुटीत एखाद्या कापड कारखान्यात किंवा छापखान्यात महिनाभर उमेदवारी करावी. कापड दाबून, चुरगाळून, धुऊन पाहावे. ज्याने टॉवेल हातात घेऊन पाहिला नाही, त्याला टॉवेलचे चित्र जमत नाही.

पालकांसाठी

सुरुवातीचा पगार बेताचा असतो, लहान गावातील कारखान्यात तर अधिकच. डोळ्यांवर आणि पाठीवर ताण येतो. हंगामात उशिरापर्यंत थांबावे लागते, तेव्हा येण्या-जाण्याची सोय काय, हे मुलीच्या आई-वडिलांनी विचारण्यात गैर काही नाही. पण ‘चादरींची पाकिटे करण्यासाठी का चार वर्षे शिकलीस?’ असे मात्र म्हणू नये. पडदा, चादर, उशीचा अभ्रा या वस्तू घर काटकसर करून घेते आणि वर्षानुवर्षे वापरते. त्या घेताना आपण न पाहिलेल्या कुणाच्या तरी शब्दावर आणि चित्रावर पैसे मोजत असतो. ते काम प्रामाणिक हातात असणे ही आपली स्वतःचीच गरज आहे.

पुढच्या वेळी नवी चादर आणली की पुठ्ठा टाकून देण्यापूर्वी घरातल्या चित्रे काढणाऱ्या मुलासमोर तो ठेवा. चादर पसरा, टेपने मोजा, खिडकीच्या उजेडात रंग जुळवून पाहा. चित्र आणि चादर यांत फरक कुठे पडला, हे ज्या मुलाला न सांगता दिसेल, त्याच्यासाठी ही वाट योग्य आहे असे समजावे.